नमुन्यादाखल एक चाळ

आपल्या चाळीचं नाव पडद्यावर दिसलं तेव्हा अवधूत परबला आधी वाटलं, डोळ्यांनाच काहीतरी झालंय. त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. नाव होतं तिथेच होतं. ‘माणगावकर चाळ, लालबाग. सप्टेंबर संपायच्या आत रिकामी होईल का?’ आणि त्याखाली करड्या चौकटीत, ‘होय : ०.९३’. आजूबाजूला कुणाचं लक्ष नव्हतं. परळच्या त्या उंच इमारतीत, जिथे पूर्वी एका गिरणीचं कताईखातं होतं म्हणतात, पोरंपोरी कानांत बोंडं घालून आपापल्या पडद्यांत बुडालेली होती. थंड हवेचा झोत नेहमीसारखा त्याच्या मानेवर पडत होता. त्याने तो आकडा पुन्हा वाचला. कुणीतरी आपल्या नकळत आपल्या घरात शिरून, कपाटं उघडून, पुन्हा नीट लावून गेलं असावं, तसं त्याला वाटलं.

त्याचं काम तसं साधं होतं, निदान सांगायला. भाकितांचे बाजार असतात. अमुक गोष्ट अमुक तारखेच्या आत होईल की नाही, यावर कुठकुठले लोक पैसे लावतात. होईल म्हणणारे वाढले की ‘होय’चा भाव चढतो, आणि भाव ०.९३ झाला की शंभरात त्र्याण्णव शक्यता असं धरायचं. एका कंपनीने हे भाव वाचून त्यांचा अर्थ लावणारं एक साधन बनवलं होतं. ते माणसांसाठी नव्हतं. ते होतं एजंटांसाठी, म्हणजे माणसाच्या वतीने माहिती काढून निर्णय सुचवणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या संगणकी कारकुनांसाठी. साधन कसं वापरायचं हे त्या एजंटांना सांगणारी पानं, ज्यांना ऑफिसात सगळे ‘डॉक्स’ म्हणत, तिथल्याच एका मुलाने, विनीतने, लिहिली होती. ती कशी उतरली आहेत हे अवधूतने ठरवायचं होतं. स्पष्टता, क्रम, उदाहरणं, चुकलं तर काय करायचं, प्रत्येकाला दहापैकी गुण. शुक्रवारी संध्याकाळी निकाल.

हे काम आपल्याला जमतं की नाही, याची अवधूतला खात्री नव्हती. तशी ती कशाचीच नव्हती. आयुष्यभर त्याने मिक्सर, पंखे, गीझर यांच्या खोक्यांतून येणाऱ्या माहितीपुस्तिका मराठीत लिहिल्या. ‘भांडे पूर्ण बसल्याची खात्री झाल्याशिवाय कळ दाबू नये.’ अशा एकेका वाक्यावर त्याने दुपारच्या दुपारी घालवल्या होत्या, आणि लोकांनी खोकं उघडताक्षणी ती पुस्तिका खोक्यातच ठेवून खोकं माळ्यावर टाकलं होतं. स्वतःच्या घरीसुद्धा. त्याच्या थोरल्या बहिणीने, सुभद्राआक्काने, मिक्सर घेतला तेव्हा ती म्हणाली होती, “तू लिवलंस मां? मगे माका वाचूक कित्याक होया?” निवृत्तीनंतर हे काम मिळालं आणि त्याला पहिल्यांदाच असा वाचक लाभला जो एकही अक्षर सोडत नाही. याचा त्याला आनंद व्हायला हवा होता. झाली भीती. सगळं वाचणारा आणि वाचलेलं सगळं खरं मानणारा वाचक त्याने पूर्वी पाहिलाच नव्हता.

विनीतचं टेबल चार हातांवर होतं. उठून विचारायला काय हरकत होती? बाबा, हे आमच्या चाळीचं काय आहे? पण तसं विचारायचं नाही, असा नियम होता, आणि तो नियम अवधूतनेच घालून दिलेला होता. एजंटाला लिहिणाऱ्याकडे जाऊन शंका विचारता येत नाही, त्याच्यासमोर फक्त पान असतं; तेव्हा परीक्षकानेही निकाल लागेपर्यंत लिहिणाऱ्याशी बोलू नये, पानावर जेवढं आहे तेवढंच धरावं. हे त्याने पहिल्याच बैठकीत चाचरत सांगितलं, तेव्हा प्राचीने, त्याच्या निम्म्या वयाच्या त्याच्या साहेबीणबाईंनी, टाळी वाजवली होती. “क्या बात है परब सर, हेच लिहून ठेवूया.” आता तो स्वतःच्याच नियमात पाय अडकून बसला होता. पानावर त्या प्रश्नाच्या वर ‘उदाहरण’ असं लिहिलेलं होतं खरं. पण उदाहरण म्हणजे काय? चालू बाजारातून उचललेलं खरं उदाहरण, की मनाने रचलेलं? वरची दोन उदाहरणं खरीच होती, एक निवडणुकीचं, एक क्रिकेटचं. मग तिसरंच खोटं का असेल? त्याने पानं मागेपुढे चाळली. कुठेही खुलासा नव्हता. आणखी एक गोष्ट त्याने समासात टिपली: ‘विचारलेल्या प्रश्नाचा बाजारच नसेल तर साधन काय सांगतं, याचा उल्लेख नाही.’ हे टिपून तो परत त्याच चौकटीकडे आला. जिभेने दुखऱ्या दाताकडे यावं तसा.

कारण चाळ रिकामी होणार, हे बोलणं तर होतंच. मालकाने ती नवा टॉवर बांधायला बिल्डरला दिली होती. संमतीपत्रं घेणं चालू होतं. बऱ्याच जणांनी सह्या केल्या होत्या. अडलं होतं ते दुसऱ्या मजल्यापाशी, आणि दुसरा मजला अडला होता सुभद्राआक्कापाशी. ती सही करत नव्हती म्हणून शेजारच्या बायका करत नव्हत्या. आक्का सत्तरी ओलांडलेली, लग्नानंतर वर्षाच्या आत परत आलेली, आईमागे अवधूतला तिनेच वाढवलेलं. समोरच्या चाळीतली माणसं ट्रान्झिट कॅम्पात गेली ती तिथेच म्हातारी झाली, हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आणि चाळीच्या तुळया गेल्यात, हे कमिटीचं म्हणणंही खोटं नव्हतं. मागच्या वर्षी दुरुस्तीवाल्यांनी गॅलरीभर लाकडी टेकू उभे केले, एक तर परबांच्या खोलीतच, कपाट आणि देव्हारा यांच्या मधोमध. आक्काने पहिले चार दिवस त्याच्याशी अबोला धरला, मग त्याला एक खिळा ठोकला आणि भाजीची पिशवी अडकवली. टेकूसुद्धा घरातला झाला.

त्या मंगळवारी संध्याकाळी अवधूत घरी आला तेव्हा ती उंबऱ्यात बसून मोड आलेले वाल सोलत होती.

“काय रे, तोंडार बारा कित्याक वाजलेत?”

सांगू नये, असं त्याने वाटेत ठरवलं होतं. बूट काढता काढता त्याने सांगितलं. आक्काचे हात थांबले नाहीत. सालं एका बाजूला, डाळिंब्या दुसऱ्या बाजूला.

“तुज्या मशीनीत आमच्या चाळीचा नाव? आणि त्र्याण्णव म्हणजे शंभरातले?”

“शंभरातले.”

“कोण पैसे लावता असल्यार?”

“लोक लावतत. ज्येंका कायतरी ठावक आसता ते.”

“म्हणजे वरसून ठरलेलाच आसा.” तिने एक वाल बोटात धरला आणि बराच वेळ सोललाच नाही. “तू वाचलंस मां नीट?”

“वाचलंय.”

तेवढं बोलून तो मोरीत हातपाय धुवायला गेला. तो बाहेर आला तेव्हा आक्का म्हणाली, टेकूकडे बघत, कुणाला उद्देशून नव्हे, “मगे कौल झालोच.” आणि त्याच्या ओल्या पायांना गार फरशी लागली तेव्हा त्याला समजलं की आपण काहीतरी केलं आहे, आणि ते आता परत घेता येणार नाही.

कौल. रात्रभर तो शब्द त्याच्या डोक्यात फिरत राहिला. गावच्या रवळनाथाला कौल लावताना गुरव पाण्यात भिजवलेल्या कळ्या देवाच्या अंगाला चिकटवी. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण त्याआधी गुरव गाऱ्हाणं घाली, प्रश्न मोठ्याने मांडी, तीनतीनदा, म्हणजे कळी नक्की कशाला उत्तर देते आहे याबद्दल कुणाच्या मनात किंतु राहू नये. देवळामागे एक काळा दगड होता. त्याच्यावर गुरव आपल्या मुलाला कळ्या लावायला शिकवी, किती भिजवायच्या, किती दाबायच्या. मे महिन्याच्या सुट्टीत अवधूत ते बघत उभा राही. एकदा शेजारची मालनकाकी पाण्याला जाताना तिथे थबकली, तिचा नवरा मुंबईहून महिनोन्महिने पत्र पाठवत नव्हता, आणि नेमकी तेव्हा दगडावरची उजवी कळी पडली. काकीने कळशी खाली ठेवली आणि हात जोडले. गुरव ओरडला, “अगो, तो दगड आसा, देव नाय! माज्या झिलाक शिकवतंय मी!” काकी हसली. “फूल तर पडला मां?” म्हणाली, आणि कळशी उचलून चालू लागली. तिचा नवरा आला का पुढे? अवधूतला आठवेना. आठवत होती ती तिची चाल, एकाएकी हलकी झालेली. बुधवारी, गुरुवारी आक्काची चाल तशीच होती. तिने बायकांना सांगितलं होतं. ट्रंका खाली काढल्या होत्या. शुक्रवारी दुपारी चारला, मंडळाच्या खोलीत, सारा दुसरा मजला सही करणार होता.

शुक्रवारी जेवणानंतर चाचणी होती. काचेच्या खोलीत प्राची, विनीत आणि अवधूत, आणि भिंतीवरच्या पडद्यावर तो एजंट, ज्याने विनीतची पानं नुकतीच वाचून संपवली होती. त्यासाठी त्याला काही सेकंद पुरले होते. अवधूतला चार दिवस लागले होते. साधन खऱ्या बाजारांना जोडलेलं होतं. प्राचीने दोन-चार प्रश्न विचारले, उत्तरं बरोबर आली. मग ती म्हणाली, “सर, तुम्ही विचारा ना एखादा. तुमचे प्रश्न खतरनाक असतात.”

अवधूतला दुसरा प्रश्न सुचेचना. घसा खाकरून त्याने विचारलं, आणि प्राचीने टंकलं: माणगावकर चाळ सप्टेंबरअखेर रिकामी होईल का?

उत्तर लगेच आलं. ‘होय. शक्यता त्र्याण्णव टक्के. रहिवाशांनी पर्यायी निवासाची तयारी करणे हिताचे ठरेल.’

“अरे बापरे!” विनीत खुर्चीतून उडालाच. “ह्याने माझं एक्झाम्पल खाल्लं! सर, असं मार्केटच नाहीये कुठे. डमी आहे ते. मार्केट सापडलं नाही तर याने पानातलंच उचलून दिलं.”

“डमी,” अवधूत म्हणाला.

“म्हणजे तुमचीच चाळ ना सर ती. तुम्हीच नाही का एकदा डबा खाताना सांगत होता, टेकूला पिशवी लावतात, ताई सही करत नाहीत. जाम आवडलं होतं मला. म्हटलं, परब सर वाचतील तेव्हा गालातल्या गालात हसतील. तुम्ही काही बोलला नाहीत, मला वाटलं नियम पाळताय.”

“आणि आकडा?”

“कुठला? ०.९३? काहीतरी टाकायचं होतं. माझं बर्थ इयर आहे, नाइंटी थ्री.” तो हसला, मग अवधूतच्या चेहऱ्याकडे बघून अर्ध्यात थांबला. “सर? काय झालं?”

प्राची टिपून घेत होती. “म्हणजे वाचणारा उदाहरणालाच सत्य समजतो. मोठा बग आहे हा. सर, उदाहरणांना किती द्यायचे मग?”

वाचणारा. हा मठ्ठ, आज्ञाधारक, अक्षरन् अक्षर गिळणारा वाचक आणि आपण यांच्यात फरक एवढाच, की त्याने हे भिंतीला सांगितलं आणि आपण आक्काला. अवधूतने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन होऊन गेले होते. आक्काकडे मोबाइल होता, पण तो बाहेर पडताना ती घरीच ठेवी, चार्जिंगला.

“मला घरी जावं लागेल.”

“आत्ता? सर, सहाला क्लायंटला पाठवायचंय,” प्राची म्हणाली, पण तो काचेचं दार ढकलत होता, जे ओढायचं होतं.

परळहून लालबाग म्हणजे पायीच बरं. उड्डाणपुलाच्या सावलीतून तो भराभरा चालू लागला, आणि चालता चालता त्याची चाल मंदावली. कारण एक विचार त्याला मघापासून टोचत होता. आक्काने सही केली तर वाईट काय होणार होतं? तुळया गेल्याच होत्या. जेवताना ताटात चुन्याची कपची पडणं आता रोजचं झालं होतं. खोट्या आकड्याने का होईना, जी हट्टी बाई कुणाचं ऐकत नव्हती ती छपराखालून बाहेर पडत होती. गप्प राहावं. घरी जाऊन चहा टाकावा. सप्टेंबरात चाळ रिकामी झाली की ०.९३ खराच ठरला, म्हणायला मोकळे. लिहिलेलं होतं म्हणून झालं की होणार होतं म्हणून लिहिलं, कोण विचारतंय? मिरची गल्लीत मसाला कुटायचा डंका चालू होता. तिखटाचा खकाणा नाकात गेला आणि तो शिंकला, पुन्हा शिंकला, डोळ्यांतून पाणी आलं. समोर मूर्तींचे कारखाने, प्लॅस्टिकखाली न रंगवलेले पांढरे चेहरे. तू वाचलंस मां नीट? आणि आपण ‘वाचलंय’ म्हणालो. आयुष्यात ज्या एका गोष्टीबद्दल त्याने कधी ‘बहुतेक’ म्हटलं नव्हतं, ती ही. आक्का त्र्याण्णवाच्या भरवशावर निघाली नव्हती. ती त्याच्या वाचण्याच्या भरवशावर निघाली होती. त्याने डोळे पुसले आणि पुन्हा भराभरा चालू लागला, मग जवळजवळ धावू लागला, या वयात, या रस्त्यात, आणि लोक वळून बघताहेत याची लाजसुद्धा त्याला जरा उशिराच वाटली.

चाळीच्या अंगणात मांडवाचे वासे उभे राहत होते. मंडळाच्या खोलीत ट्यूबखाली टेबल, टेबलापाशी कमिटीचा सेक्रेटरी दौलत, आणि त्याच्यासमोर आक्का, ठेवणीतल्या निळ्या पातळात, चष्मा नाकावर, हातात पेन. मागे बायकांची रांग.

“या या परबकाका,” दौलत म्हणाला. “आक्कांनी आज कमाल केली बघा. आख्खा मजला घेऊन आल्यात.”

“आक्का, थांब गे.” अवधूतला दम लागला होता. “तो आकडो खोटो.”

आक्काने पेन हलवलं नाही. “कोणी सांगल्यान?”

“ज्याने लिवल्यान त्यानेच. आमच्या आपिसातलो झील. नमुन्याक म्हणान लिवल्यान.”

“नमुन्याक?”

“खरो बाजार नाय. पैसे लावणारे नाय. तेच्या जन्माचा साल घातल्यान तेणी.”

“आणि तू वाचलंस म्हणालंस.”

“वाचलं गे. जां लिवलेला तां वाचलं.”

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. आक्का अवधूतकडे पाहत राहिली, लहानपणी तो चुकीचा रॉकेलचा डबा घेऊन आला की पाही तशी. दौलत खुर्चीतून अर्धवट उठला.

“काका, एक मिनिट. आकडा खोटा असेल. टेकू खोटा आहे का? जरा वर बघा.” सगळ्यांनी वर पाहिलं. छताला ओल आली होती, तिच्या मधोमध लोखंडाची गंजकी बोटं दिसत होती. “पुढचा पाऊस काढेल ही बिल्डिंग, असं तुम्ही लिहून देणार?”

हे अवधूतला वाटेतच पटलं होतं. “मी सही करू नको म्हणत नाही,” तो म्हणाला, दौलतला की आक्काला ते त्यालाही कळलं नाही. “त्या आकड्यापायी करू नको, एवढंच.”

आक्काने पेनाला टोपण लावलं. खट असा बारीक आवाज झाला. ती उठली, निऱ्या सारख्या केल्या आणि बाहेर चालू लागली. मागची रांग क्षणभर तशीच राहिली, मग एकेक बाई तिच्यामागून निघाली. दौलतने संमतीपत्रांची चळत टेबलावर ठोकून सारखी केली. “छान केलंत काका,” तो म्हणाला. “झोपा आता निवांत.”

जिन्याच्या मधल्या वळणावर बसून अवधूतने मोबाइलवरच गुण भरले. स्पष्टता: नऊ. मग तो अडला, कारण नऊ खरेच होते. विनीतने चांगलं लिहिलं होतं. वाईट लिहिलं असतं तर कुणाचा विश्वास बसला नसता. उदाहरणं: शून्य. शेऱ्याच्या जागी त्याने लिहिलं, ‘माहीत नाही असं म्हणायला या साधनाला कुठेही शिकवलेलं नाही. वाचणाऱ्यालाही नाही.’ दुसरं वाक्य खोडावं असं त्याला दोनदा वाटलं. तसंच पाठवलं. थोड्या वेळाने विनीतचा निरोप आला. ‘व्हेरी सॉरी सर. काढलं ते.’ अवधूतने पान उघडून पाहिलं. चाळीच्या जागी ‘अबक इमारत, काल्पनिक’ असं आलं होतं. लालबाग गेलं होतं, आकडाही गेला होता. इतक्या वर्षांची चाळ एका ओळीतून रिकामी झाली होती, आणि ज्या पायरीवर तो बसला होता ती मात्र त्याच्या खाली, किंचित कलती, होतीच.

वर आक्काने देवापुढे दिवा लावला होता. ट्रंका तशाच बाहेर होत्या. ती खाटेवर बसली होती, तुळईच्या बरोबर खाली, जिथे ती आजवर झोपत आली. त्याने चहा टाकला, दोन कप भरले, एक तिच्या हातात दिला. तिने बशीत ओतला, पण प्यायली नाही.

“मगे आता खरो आकडो किती?”

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. अवधूतने टेकूकडे पाहिलं, खिळ्याला लटकणाऱ्या पिशवीकडे, वरच्या ओलीकडे. काहीतरी आकडा जिभेवर येऊ पाहत होता. किती सोपं होतं ते, एखादं साल, एखादं वय.

“ठावक नाय,” तो म्हणाला.

आक्काने मान हलवली, जणू हेच उत्तर तिला मंगळवारीच हवं होतं. चहा संपवला, बशी खाली ठेवली, आणि उठून खाटेचं एक टोक दोन्ही हातांनी धरलं. त्याला कळायला एक क्षण लागला. मग त्याने दुसरं टोक धरलं, आणि दोघांनी मिळून ती खाट तुळईखालून ओढली, दारापर्यंत.